पाण्याची उसनवारी

मे महिन्यातल्या एका शनिवारी मी आमचा टिकाव खांद्यावर टाकून मामांच्या अंगणात गेले, तेव्हा तिथं आधीच एक घण पाण्यात होता. निळं प्लास्टिकचं पिंप, तळाशी चार किलोचं लोखंड आणि पाण्याबाहेर डोकावणारा तेलकट, काळपट दांडा. पिंपाशेजारी भाचा कमरेवर हात ठेवून उभा.

हे मामा माझे नव्हेत, त्याचे. पण पौडच्या पुढच्या या वाडीत पोराटोरांपासून तलाठ्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणतात, तशी मीही म्हणते. सत्तरीला टेकलेला माणूस, चार भातखाचरं, दोन म्हशी, आणि हत्यारांच्या बाबतीत कुणाचं ऐकायची सवय नाही. भाचा आयटीआय झालेला फिटर. पिरंगुटच्या एका कारखान्यात देखभालीच्या कामावर असतो. सुट्टीला आजोळी आला की तासाभरात दोघांची जुंपते. मी इथं थोडी जमीन घेतलेली पुण्याची बाई. माझी हत्यारं नवी आणि जुंपणं ऐकायला वेळ भरपूर. त्या दिवशीचं बोलणं घरी येऊन लिहून काढलं. थोडं सावरून, कारण मामांच्या काही शब्दांना छापील पानावर जागा नाही.

भाचा : मामा, परत पाण्यात घातलात घण?

मामा : मग काय देव्हाऱ्यात ठेवू? मुंडकं हलाया लागलं व्हतं.

भाचा : मागच्या महिन्यातही हलत होतं. तेव्हाही पाण्यातच घातलात.

मामा : आन् घट्ट झाला का न्हाई?

भाचा : झाला. किती दिवस टिकला?

मामा : आठ-धा दिस.

भाचा : आणि त्याच्या आधीच्या वेळी?

मामा : तवा पंधरा-ईस दिस टिकला. तू काय वकील हायस का?

भाचा : लाकूड पाणी पितं तेव्हा लांबीला वाढत नाही मामा, जाडीला फुगतं. दांडा मोकळा असता तर फुगून, सुकून पुन्हा होता तेवढा झाला असता. पण त्याचं टोक लोखंडात अडकलंय. लोखंड काही जागा देत नाही. मग फुगायला निघालेलं लाकूड स्वतःलाच चेपतं, आतले तंतू चिरडतात. सुकल्यावर तो दांडा आधीपेक्षाही बारीक. तुम्ही दर खेपेला त्याला घट्ट करत नाही, दर खेपेला कागदभर बारीक करता.

मामा : डोळ्यानं बघितलंस?

भाचा : गादी बघितली ना तुम्ही? नवी असताना कापूस कसा फुगलेला असतो. दहा वर्षं झोपलं की बसतो. कापसाला पिंजारी तरी आहे, लाकडाला नाही.

घरातून मामींचा आवाज आला, "कापसालाबी कुटं ऱ्हायलाय आता पिंजारी?"

भाचा म्हणाला त्यात चूक काही नव्हतं. वैशाखातल्या दुपारी हवेतला दमटपणा तीसेक टक्क्यांवर उतरला की लाकडात त्याच्या सुक्या वजनाच्या साधारण सहा टक्केच पाणी उरतं. श्रावणात हवा नव्वद टक्के दमट झाली की तेच लाकूड वीसच्या आसपास जातं. लांबीत फरक नगण्य. आडवा फरक मात्र पडतो, आणि तोही सगळीकडे सारखा नाही: वाढीच्या वलयांच्या कडेकडेनं लाकूड जेवढं आक्रसतं, त्याच्या जवळपास निम्मंच गाभ्यापासून सालीकडे आक्रसतं. त्यामुळे गोल दांडा सुकला की गोलही राहत नाही. तीस मिलिमीटर जाडीच्या दांड्यात हा उन्हाळा-पावसाळ्याचा फेर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा होतो. ऐकायला काहीच नाही. पण लोखंडाच्या भोकात पाऊण मिलिमीटर मोकळं सुटलं, तर चार किलोचं मुंडकं खुळखुळ्यासारखं वाजायला लागतं.

आमच्या मुळशी तालुक्यात हा फेर जास्तच जाणवतो. पश्चिमेला ताम्हिणी, जुलै २०२४ च्या अखेरीस तिथं एका दिवस-रात्रीत साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळला होता. पूर्वेला पिरंगुटपर्यंत येता येता तोच पाऊस कितीतरी हलका होतो. पण होळीनंतर दोन्हीकडे सारखंच कोरडं, भेगाळ. आणि मावळातली हत्यारं नेमकी या कोरड्या दिवसांतच राबतात. राब भाजायचा तर त्याआधी झाडांच्या फांद्या तोडायच्या, पालापाचोळा आणि शेण अंथरायचं, खाचरांचे फुटके बांध घालायचे, दगड उपटायचे. म्हणजे लाकूड सर्वांत बारीक असतं तेव्हा त्याला सर्वांत जास्त हाणायचं. उलट खंडेनवमीला हत्यारं पुसून, हळदकुंकू वाहून मांडतात, तेव्हा चार महिन्यांची ओल पिऊन प्रत्येक दांडा आपसूक गच्च झालेला असतो. पूजेच्या पाटावर ढिलं हत्यार मी तरी पाहिलेलं नाही.

मामांनी नेमका हाच धागा पकडला.

मामा : आता मला सांग, मिरगाचा पाऊस पडला की हा दांडा भिजनार का न्हाई?

भाचा : भिजणार.

मामा : फुगनार?

भाचा : फुगणार.

मामा : मग देव जे धा जूनला करतो, ते म्या धा मेला केलं, तर तुझ्या पोटात का दुखतंय?

मला हा मुद्दा बिनतोड वाटला. भाचाही क्षणभर गप्प झाला.

भाचा : देव सावकाश करतो. दमट हवेतलं लाकूड वीस टक्क्यांपर्यंत जातं. तुम्ही पिंपात घालता तेव्हा ते तीसला जाऊन टेकतं; त्याच्यापुढं त्याला फुगताच येत नाही. म्हणजे वर्षभरात जेवढं चेपायचं, त्याच्या जवळपास दुप्पट तुम्ही दोन रात्रींत चेपता. आणि हे उसनं आहे मामा. पाण्याकडून घट्टपणा उसना आणायचा, आणि ऊन येऊन व्याजासकट वसूल करून जाणार.

मामा : उसनं तर उसनं. मला सांग, सावकाराकडं कोन हौसंनं जातो? सकाळी सातला चार माणसं बांधावर उभी, हजेरी चालू झालेली, आन् घणाचं मुंडकं हलतंय. तवा म्या काय त्यांना सांगू, दांडा वाळंस्तवर बसा? तुझी मशीन बंद पडली तर तुझा साहेब दुसऱ्या पाळीत काम काढतो. माझी पाळी एकच, मिरगाच्या आधीची.

दोघांच्या भांडणातलं खरं भांडण मला इथं दिसलं. भाचा हत्याराचा विचार करत होता, मामा दिवसाचा. आणि पूर्वी या दोन विचारांच्या मधे तिसरा माणूस असायचा. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या 'गावगाडा' या १९१५ सालच्या पुस्तकात सुतार आणि लोहार बलुतेदारांत येतात: शेतकऱ्याची औतं-हत्यारं वर्षभर नीट करून द्यायची आणि सुगीला खळ्यावरून आपला वाटा न्यायचा. त्या व्यवस्थेत जाच होता, जातीचं दावं होतं, तिचे गोडवे गायचं कारण नाही. पण ढिला दांडा हा तेव्हा शेतकऱ्याचा प्रश्नच नव्हता, तो सुताराच्या दारात टाकून यायचा होता. मामांना विचारलं तर म्हणाले, "सुतार हायत की. पन ते आता तुमच्या बंगल्यांची कपाटं करत्यात. दांड्याला त्यांना बोलवायची लाज वाटती."

'तुमच्या' हा शब्द माझ्यासाठी होता. मी विषय बदलायला टिकाव पुढं केला.

हा टिकाव नव्यानंच घेतला होता. डोक्यावर उचलला की लोखंड घसरत खाली मुठीवर यायचं. एकदा अंगठा थोडक्यात वाचला. दुकानातच कुणीतरी दांड्याच्या माथ्यावर दोन खिळे ठोकून दिले होते. पुढं आणखी दोन मी ठोकले.

भाच्यानं माथा पाहिला आणि हसला.

भाचा : ताई, याला पाचर कशाला मारलीत?

मी : पाचर कुठं, खिळे आहेत.

भाचा : खिळा म्हणजे गरिबाची पाचर. लाकूड फाकवतो, पण फाडूनही ठेवतो. शिवाय पावसात गंजतो, आणि गंज लागलेलं लाकूड काळं पडून भुसभुशीत होतं. पण मुद्दा तो नाही. टिकावाला पाचर लागतच नाही.

मामा : ह्ये बराबर बोलला.

दोघांचं एकमत झालेलं पाहून मामी दारात आल्या.

मग भाच्यानं मला जे दाखवलं ते मला आधीच कळायला हवं होतं. हत्यार ढिलं झालं की पहिल्यांदा एकच पाहायचं: दांडा कुठून शिरलाय? लोखंडाच्या ज्या भोकात तो बसतो ते नेढं. टिकाव आणि कुदळीच्या नेढ्यात दांडा वरून येतो. त्याचं वरचं टोक जाड, खाली निमुळता. लोखंड मुठीकडून चढवायचं आणि वर सरकवत न्यायचं, जिथं अडेल तिथं ते बसलं. हाणताना लोखंड बाहेरच्या बाजूला पळायला बघतं, म्हणजे जाड टोकाकडे, म्हणजे प्रत्येक घावाला आणखी घट्ट होतं. तिथं पाचर म्हणजे कुलूप लावलेल्या दाराला बाहेरून टेकवलेला दगड. हातोडा, घण यांच्या घराण्यात उलटं असतं. तिथं दांडा खालून शिरतो, वर येऊन संपतो, आणि प्रत्येक घावाला लोखंड त्याच्यावरून निसटून पळायला बघतं. तिथं पाचर हाच जीव. कुऱ्हाडी दोन्ही घराण्यांच्या मिळतात, म्हणून त्यांच्या बाबतीत आधी पाहायचं आणि मग बोलायचं.

मग टिकाव ढिला का? कारण दांडा सुकून बारीक झाला होता आणि मी प्रत्येक वेळी काम संपल्यावर त्याची मूठ जमिनीवर आपटून माती झटकत होते. त्या आपटण्यानं लोखंड दर वेळी खाली, बारीक बाजूकडे सरकत होतं. टिकाव सोडवायची जी रीत, तीच मी रोज बिनबोभाट करत होते.

मामांनी खिळे पकडीनं उपटले. टिकाव उलटा धरला, मूठ आभाळाकडे, आणि दांड्याचा वर आलेला जाड माथा अंगणातल्या दगडावर तीनदा आपटला. दांडा थांबतो, लोखंड थांबत नाही. ते आपल्या वजनानं पुढं जाऊन जाड बाजूला रुतलं. भाचा याला जडत्व म्हणतो. मामा "त्याला पळू द्यायचं" म्हणतात. माझ्या टिकावाची दुरुस्ती झाली. वेळ लागला मिनिटभर, तोही खिळे काढण्यात.

घणाचं मात्र तसं होणार नव्हतं.

भाचा : खरं सांगू? ह्या दांड्याच्या भानगडीतच पडू नका. कारखान्यात मी याला इंचाचा पाइप वेल्ड करून आणतो. ना सुकणार, ना फुगणार, ना मुंडकं उडणार. मामा, हे चार किलोचं लोखंड कुणाच्या अंगावर गेलं तर काय होईल, त्याचा विचार कराच. आमच्याकडे ढिला हातोडा दिसला की कामच थांबवतात.

मामा : पाइप लाव. आन् मग तूच हान.

भाचा : का?

मामा : ताम्हिणीच्या रस्त्याचं काम चालू व्हतं तवा वडार मंडळी खडी फोडायला यायची. त्यांच्या सुतकीचा दांडा बघितलायस? बोटाएवढा, चिव्याचा. हातात धरला तर लवतो. मला वाटलं, एवढ्याशा काडीवर एवढं वजन, मोडंल. म्या इचारलं. म्हातारा म्हनला, दगडाला दिलेला मार माघारी येतो. जाड दांडा त्यो सरळ तुझ्या खांद्यापातुर आनतो. बारीक दांडा वाटंतच खातो. दिसभर हानायचं असंल तर मार खानारा दांडा पायजे.

भाचा : कारखान्यात आम्ही हातमोजे...

मामा : मोजं हाताला. खांद्याला काय घालनार?

या मुद्द्यावर मामांची सरशी झाली असं मी माझ्या वहीत लिहून ठेवलं आहे. नळीला ठोक्याची थरथर जिरवता येत नाही, ती आहे तशी मनगटात उतरते. सह्याद्रीतल्या रानात यासाठी जे लाकूड लोक शोधतात ते धामण. लवचीक, लांब सरळ तंतूंचं, ठोका झेलणारं. अमेरिकेत हिकरी आणि इंग्लंडात अ‍ॅश या झाडांना हत्यारांच्या दांड्यांसाठी जो मान आहे, तो इथं धामणीला. सागवान कमी आक्रसतं म्हणून कपाटाला उत्तम, पण ठोक्याला ते तुटतं. बाभूळ कणखर, पण मुळशीच्या पावसात ती चांगली वाढत नाही. ती घाटमाथ्याच्या पूर्वेची. आणि कुठलंही लाकूड घेतलं तरी त्याचे तंतू या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड हवेत. करवतीनं चिरलेल्या फळीतून काढलेल्या दांड्यात तंतू मधेच तिरके बाहेर पडतात, आणि तिथंच तो एक दिवस मोडतो. म्हणून जुनी माणसं दांडा चिरत नाहीत, फोडतात. लाकूड आपल्या रेषेनं फुटतं.

भाचा : बरं, पाइप नको. पण धामण आता आणायची कुठून? रानात हात लावला तर वनखातं उभं.

मामा काही बोलले नाहीत. आत गेले, आणि चुलीवरच्या माळ्यावरून एक काठी काढून आणली. धुरानं काळी, हलकी, नखानं टिचकी मारली तर टणटण वाजणारी.

मामा : आपल्याच बांधावरची. तीन पावसाळं चुलीवर हाय.

भाच्यानं ती हातात घेतली, डोळ्यासमोर आडवी धरून सरळ आहे का पाहिलं, आणि मग बराच वेळ मामांकडे पाहत राहिला.

भाचा : म्हणजे तुम्ही लाकूड तीन वर्षं धुरात वाळवता. आणि दांडा बसवला की एका रात्रीत पाण्यात घालता?

मामी : मी हेच इतकी वर्सं म्हनतीय.

मामांनी बिडी पेटवली. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा, किंवा विचारला असेल तर मामींनीच.

मग जुना दांडा काढायचा होता. मामा सवयीनं म्हणाले, चुलीत घाल, जळून जाईल. इथं भाचा पुन्हा पेटला, आणि यावेळी तो अगदी बरोबर होता. पोलादाला धार किंवा टणकपणा मिळतो तो लोहारानं पाणी दिल्यामुळे. तेच पोलाद पुन्हा चुलीत गेलं की दोनशे अंश सेल्सियसच्या पुढं त्याच्यावर फिकट पिवळा रंग चढतो, मग जांभळट, तीनशेच्या आसपास निळा. प्रत्येक रंगाबरोबर त्याचं पाणी उतरत जातं. निळी झालेली कुऱ्हाड दिसायला देखणी असते आणि लाकडात वळते. घणाचं एक वेळ निभतं. कोयत्याचं, पटाशीचं नाही. त्यापेक्षा दांडा लोखंडालगत करवतीनं कापायचा, आतल्या तुकड्याला गिरमिटानं दोन-तीन भोकं पाडायची आणि दुसऱ्या बाजूनं ठोकून बाहेर काढायचा. पंधरा मिनिटांचं काम. मामा त्यातली दहा मिनिटं "चुलीत पाच मिंटात झालं असतं" असं म्हणत होते.

रिकाम्या नेढ्यात बोट घालून पाहायला भाच्यानं मला सांगितलं. ते सरळ नळीसारखं नव्हतं. मधे कमरेसारखं बारीक, दोन्ही तोंडांना रुंद, डमरूसारखं. आयटीआयच्या पहिल्या वर्षी हातोडा शिकवतात तेव्हा हेच शिकवतात म्हणे. खालून दांडा कमरेतून ठासून वर न्यायचा, आणि वर आल्यावर पाचरीनं त्याला असं फाकवायचं की तो वरच्या रुंद तोंडात भरून बसला पाहिजे. मग त्याला कमरेतून मागं परतता येत नाही. पाचर म्हणजे नुसती फट बुजवणं नव्हे. फट तर चिंधीनंही बुजते, आणि मामांच्या निम्म्या हत्यारांत चिंध्याच आहेत.

दोघं कामाला लागले तेव्हा वाद विरळ झाला. मामांनी वाकसानं काठी तासली. वाकस त्यांच्या हातात असा चालतो की भाचाही गप्प बसून पाहतो. बुडाशी मूठ थोडी फुगीर ठेवली, घामानं हात निसटू नये म्हणून. वरचं टोक नेढ्यात घालून काढायचं, जिथं लोखंडाचा काळा डाग उठला तिथं कानस मारायची, पुन्हा घालायचं. आठ-दहा वेळा. ही कंटाळवाणी पायरी लोक गाळतात आणि नंतर पाण्याला, खिळ्याला, चिंधीला बोल लावतात. शेवटी मामांनी बाटलीची फुटकी काच घेऊन दांडा खरवडला. पॉलिश पेपरपेक्षा काच बरी, असं ते म्हणाले. भाच्यानं त्यालाही विरोध केला नाही.

वरच्या टोकात, नेढ्याच्या लांबट बाजूच्या दिशेनं, भाच्यानं करवतीनं चीर पाडली. नेढ्याच्या खोलीच्या दोन-तृतीयांश. मग घण उलटा, मुंडकं खाली लोंबतं असा हवेत धरला आणि दांड्याच्या बुडावर मोगरीनं ठोकायला लागला. मला वाटलं, दगडावर टेकवून ठोकायला हवं. नको म्हणाला. जड लोखंड हवेत आपल्या जागी थांबतं आणि दांडा त्याच्यात चढत जातो. खरोखर, प्रत्येक ठोक्याला दांड्याचं टोक नेढ्यातून केसभर वर येत होतं. गव्हाच्या दाण्याएवढं ते लोखंडाच्या वर आलं तेव्हा तो थांबला. ते तेवढं बाहेर ठेवायचं. पाचर मारल्यावर ते टोक फाकून लोखंडावर ओठासारखं बसतं.

पाचर वाळक्या बाभळीची. पहिल्या ठोक्यांचा आवाज बसका, ठप ठप. पाचर आत जाईल तसा आवाज वर चढत गेला, आणि एका ठोक्याला तो बदललाच: ठण्. मामांनी हात वर केला. "बसली." भाचा आणखी एक मारणार होता, मामांनी मोगरी धरली. त्यानंतरचा ठोका पाचरीला नाही, दांड्याला बसतो आणि दांडा उभा चिरतो. हे भाच्याच्या पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही. त्यानं मोगरी खाली ठेवली.

तेलावरून मात्र पुन्हा ठिणगी उडाली. मामा दांड्याला जळकं ऑइल लावतात, गाडीतून काढलेलं. वाळवी लागत नाही म्हणून. भाचा म्हणाला, जळकं ऑइल कधी सुकत नाही, दांडा कायमचा बुळबुळीत राहतो आणि काळा हात तोंडाला लागतो. लावायचं तर जवसाचं तेल. ते हवेतला प्राणवायू घेऊन लाकडाच्या छिद्रांत घट्ट होतं. करंजाचं किंवा शेंगदाण्याचं तसं होत नाही. जवसाच्या तेलानं लाकडाचं पाणी पिणं थांबत नाही, मंदावतं. ऊन-पावसाचा हिसका सावकाश बसतो. मामींनी विचारलं, जवसाचं तेल किती रुपये? भाच्यानं सांगितलं. मामींनी जळक्या ऑइलचा डबा परत फळीवर ठेवू दिला नाही, पण जवसाचं आणायलाही कुणाला पाठवलं नाही.

त्यांची स्वतःची तक्रार वेगळी होती. खुरप्याची मूठ. भातखाचरात खुरपणी बायका करतात, आणि खुरप्याची मूठ ढिली असली की ती दर खेपेला तळहातात गिरकी घेते, संध्याकाळपर्यंत फोड. पण मामा-भाच्याच्या दोन तासांच्या चर्चेत खुरप्याचं नावही निघालं नव्हतं. खुरपं, विळा, सुरी यांना नेढं नसतंच. इथं उलटा संसार: लोखंडाचं शेपूट लाकडात शिरतं. शेपूट लाल करून मुठीतल्या भोकात दाबायचं, ते आपली जागा जाळत जातं; तोंडाशी शेंबी घालायची, म्हणजे मूठ फाटत नाही. तरी काही वर्षांनी भोक सैल होतंच. मामींची रीत अशी: लाखेचे खडे आणि विटेची चाळलेली पूड भोकात भरायची, शेपूट तापवून आत घालायचं, आणि गार होईपर्यंत हलवायचं नाही. गरम असताना मधासारखी, गार झाली की दगड.

मी त्यांना सांगितलं की पुण्यात केळकर संग्रहालयात किंवा कुठल्याही शस्त्रसंग्रहात ज्या जुन्या तलवारी ठेवल्यात, त्यांच्या मुठी बहुतेक अशाच बसवलेल्या आहेत, लाखेनं. म्हणूनच युरोपातून आलेली पाती इथल्या मुठींवर चढवता यायची, ती फिरंग. मूठ खराब झाली तर गरम करायची, पातं ओढून काढायचं, दुसरी मूठ. लढाईतल्या माणसालाही सुटू शकणारा सांधाच हवा होता.

मामी : मग माझं खुरपं तलवारीपरमानंच झालं.

भाचा : पण मामी, लाख ठिसूळ. ठोक्याला तडकते. घणाला चालणार नाही.

मामी : घणाला कोन लावतंय? तुमचा घण तुम्ही बगा.

ऊन उतरलं तोवर जुन्या दांड्याच्या धड राहिलेल्या भागातून मामांनी खुरप्यासाठी नवी मूठ काढली होती. भिजलेली होती, म्हणून मामींनी ती त्यांच्या हातातून घेतली आणि माळ्यावर, धामणीची काठी होती त्या रिकाम्या जागी ठेवून दिली. भाच्यानं घण दोन-तीनदा दगडावर मारून पाहिला. मुंडकं हललं नाही. मामांनीही मारून पाहिला, दांड्याला कान लावला, आणि मान हलवली.

आणि मग, इतकं सगळं झाल्यावर, घण हातात घेऊन ते पिंपाकडे निघाले. "रातभर ठेवतो, म्हंजी आनखी..."

पिंप रिकामं होतं. मामींनी मघाशीच पाणी अळूच्या वाफ्यात सोडलं होतं.